गोल्डन रिट्रीव्हरला उन्हाळ्यात ‘झीरो’ मारावं का?

प्रश्न असा आला आहे: “आम्ही कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमचा गोल्डन रिट्रीव्हर चार वर्षांचा, वजन ४१ किलो. मार्च संपला की दिवसभर फरशीवर पडून धापा टाकतो. सोसायटीतले सगळे म्हणतात, एकदाचं झीरो मशीन मारून टाका, बिचारा ब्लँकेट पांघरून उन्हाळा काढतोय. ग्रूमरही ‘समर कट’ करून देतो म्हणाला. घरभर उडणाऱ्या केसांमुळे सासूबाईंना शिंका येतात, त्यामुळे त्यांचाही तोच आग्रह. माझ्या नणंदेच्या शिह त्झूचे केस दर उन्हाळ्यात कापतात, त्याला काही होत नाही. मग आमच्यालाच का नको?”

ताई, गोल्डनला झीरो मारू नका. नणंदेच्या शिह त्झूचे केस कापलेले चालतात, हेही बरोबर आहे. कारण दोघांच्या अंगावर जे आहे त्याला आपण ‘केस’ हा एकच शब्द वापरतो, पण ती दोन वेगळी प्रकरणं आहेत.

शिह त्झू, ल्हासा, माल्टीज, पूडल यांचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात. कापले की पुन्हा येतात, नाही कापले तर जमिनीला टेकतात. गोल्डन, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन यांचं तसं नसतं. त्यांच्या अंगावर दोन थर असतात. आत दाट, मऊ लोकरीसारखी लव, तिला आम्ही पशुवैद्य अंडरकोट म्हणतो, आणि तिच्यावर लांब, जाड, थोडे राठ केस. हे वरचे केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतात आणि मग कित्येक महिने तसेच थांबून राहतात. लव मात्र ऋतू बदलला की झडते. जी झडते ती उन्हाळ्यापूर्वी मोकळी व्हावी, ही निसर्गाचीच सोय. तुमचा लॅब्रॅडॉरवाला शेजारी म्हणेल, आमच्याचे केस तर आखूडच आहेत. लॅबलाही दोन थर असतात, त्यालाही मशीन लावायचं नाही. आणि पुण्यात घरोघरी ‘पॉमेरियन’ म्हणून जो पांढरा कुत्रा असतो, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. तोही याच पंगतीतला.

आता उन्हाळ्याचं गणित बघा. कुत्र्याच्या शरीराचं आतलं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट, म्हणजे ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस. एप्रिल-मेमध्ये दुपारी शिवाजीनगरचा पारा चाळिशीला टेकतो, डांबरी रस्त्यावर आणि गच्चीवर त्याहून कितीतरी जास्त. उष्णता नेहमी जास्त गरम असलेल्याकडून कमी गरम असलेल्याकडे जाते. हवा अंगापेक्षा गरम असेल, तर केस काढल्यावर उष्णता बाहेर जाणार की आत येणार? वर डोक्यावरचं ऊन वेगळंच. मेच्या दुपारी दुचाकीवरून जाणाऱ्या आपल्या पुण्यातल्या मुली डोक्याला स्कार्फ गुंडाळतात, सनकोट चढवतात, हातमोजे घालतात. त्यांना उकडत नाही असं नाही. उघड्या कातडीवर ऊन घेण्यापेक्षा कापड बरं, हे त्यांना अनुभवाने कळलेलं असतं. गोल्डनच्या वरच्या केसांचं काम तेच आहे. त्याखालची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. केस गेले की ती भाजते. नाकाचा शेंडा, पोट आणि पाठ यांना सनबर्न झालेले कुत्रे मी दर उन्हाळ्यात बघतो. पांढऱ्या आणि फिकट कातडीच्या कुत्र्यांना तो लवकर होतो.

पण उलट्या बाजूची अतिशयोक्तीही मला पटत नाही. “केस म्हणजे कुत्र्याचा एसीच, त्याला हातसुद्धा लावू नका,” असं काही श्वानप्रेमी छातीठोकपणे सांगतात. केस थंडावा तयार करत नाहीत. ते बाहेरची उष्णता आत येऊ देत नाहीत, तशीच आतली बाहेरही सावकाश सोडतात. कुत्रा घरात, सावलीत, २८-३० अंशांत असेल तर दाट अंडरकोट त्याला थोडा जडच जातो. पळून आला असेल तर अधिकच. आणि ही लव झडून आतल्या आत गच्च बसली असेल, नमदा झाला असेल, तर तिच्यातून वारा जातच नाही. तुमचा कुत्रा धापा टाकतोय यात केसांचा वाटा असेल तर तो या अडकलेल्या लवेचा असणार, वरच्या सोनेरी केसांचा नाही. म्हणून उपाय मशीन नाही, फणी आहे. त्याकडे येतोच.

त्याआधी एक गोष्ट, कारण ‘ब्लँकेट’ची उपमा तिथेच फसते. आपल्याला अंगभर घाम येतो, म्हणून कपडे काढले की बरं वाटतं. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. त्याचं शरीर थंड करण्याचं मुख्य साधन म्हणजे धापा: जीभ, तोंड आणि नाकातली ओल हवेत उडते आणि रक्त थंड होतं. हा आपला माठच. माठाचं पाणी एप्रिलमध्ये गार लागतं आणि जुलैत तसं लागत नाही, कारण हवाच दमट असते. कुत्र्याचंही तेच होतं. म्हणून मेअखेर वळवाचा पाऊस पडून गेल्यावर जी उकाड्याची, चिकट संध्याकाळ येते, तीत पारा ३३ वरच असूनही माझ्याकडे कुत्रे अडचणीत येतात. मालक म्हणतात, “डॉक्टर, आज तर ऊनच नव्हतं!”

उष्माघाताचे सर्वांत बिकट पेशंट कोण असतात, सांगू? पग आणि बुलडॉग. पगच्या अंगावर केस किती? आखूडच. पण चपट्या नाकामुळे त्याला धड धापा टाकता येत नाहीत. केस हेच कारण असतं तर पग मजेत असता. नणंदेचा शिह त्झूही चपट्या नाकाचाच आहे, म्हणून केस कापले तरी उन्हाळ्यात त्यालाच जास्त जपायला हवं, एवढा निरोप त्यांना द्या.

मशीनचा विषय निघाला की कुणीतरी मेंढ्यांचं उदाहरण देतंच. “धनगर मेंढ्या कातरतात ना!” मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, फलटणच्या बाजूने येणारे कळप आमच्या रोजच्या बघण्यातले. मेंढीची लोकर सतत वाढते, म्हणजे ती गोल्डनच्या गटात नाही, शिह त्झूच्या गटात बसते. आणि कातरीने कातरताना अंगावर थोडी लोकर राहतेच, गुळगुळीत कुणी करत नाही. मेंढीचा दाखला द्यायचाच तर तो पुरा द्यावा.

आता मशीन मारल्यावर काय होतं ते. ग्रूमर ज्याला झीरो म्हणतो ते बहुतेकदा दहा नंबरचं ब्लेड असतं, त्याने अंगावर जेमतेम दीड मिलिमीटर केस उरतात. पहिले चार दिवस कुत्रा हलका वाटतो, उड्या मारतो, सगळे म्हणतात बघा किती खूश झाला. खरी गंमत पुढे कळते. वरचे केस थांबलेल्या अवस्थेत असतात, त्यांना पुन्हा उगवायची घाई नसते. लव मात्र लवकर येते. त्यामुळे अंगावर आधी लवेचाच लोकरी थर भरतो, आणि तोच तर उष्णता धरणारा. पुढच्या उन्हाळ्यात कुत्रा आधीपेक्षा जास्त दाट आणि लवकर गुंतणारा होऊन बसतो. गोल्डनला केस पूर्ववत व्हायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. स्पिट्झ आणि पॉमेरेनियनमध्ये दीड-दोन वर्षं गेलेली मी पाहिली आहेत, आणि काहींच्या पाठीवर, मांड्यांवर ते कधीच नीट आले नाहीत. एक इंडियन स्पिट्झ मार्चमध्ये भादरून आणला होता. दिवाळी झाली, संक्रांत झाली, पाठ तशीच उघडी. घरच्या आजी त्याला रोज खोबरेल चोळत होत्या. तपासणीत त्याचा थायरॉइड मंदावलेला निघाला. मशीनने तो आजार दिला नव्हता, पण न भादरता केस असेच टिकले असते आणि आजार दुसऱ्या लक्षणांनी शांतपणे सापडला असता. तेव्हापासून मी सांगतो: मशीन लावल्यावर सहा महिन्यांत केसांची काहीच हालचाल नसेल तर तेल चोळत बसू नका, रक्त तपासा.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. केस काढले की घरच्यांना वाटतं, काम झालं. मग सकाळी सातचा फेरा नऊवर जातो. काही वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी बारा वाजता एक गोल्डन उचलून आणला, तुमच्याच कुत्र्याच्या वयाचा. आठवड्यापूर्वीच गुळगुळीत केलेला. “आता त्याला गरम होत नाही,” म्हणून घरचे त्याला साडेनऊला टेकडीवर घेऊन गेले, वर चेंडू खेळवला. माझ्याकडे आला तेव्हा ताप १०७ होता, हिरड्या विटेसारख्या लाल, पायांवर उभा राहत नव्हता. वाचला, पण पाच दिवस सलाइनवर होता आणि मूत्रपिंडाची काळजी पुढे कित्येक महिने राहिली. त्या घरातली माणसं निष्काळजी नव्हती. त्यांनी कुत्र्यासाठी पैसे खर्च केले होते, फक्त चुकीच्या गोष्टीवर विसंबले होते.

तेव्हा फणी. आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं. कुत्रा कोरडा असताना, आंघोळीच्या आधी. गुंता असताना पाणी पडलं की तो आवळतो आणि मग सुटत नाही. कुशीवर झोपवा. डाव्या हाताने केस वर धरा, खालचा पट्टा मुळापासून मोकळा करा, मग त्यावरचा पट्टा खाली घ्या. पाठीवरून वरवर ब्रश फिरवला तर केस चमकतात आणि लव तशीच राहते. बहुतेक घरांत हेच चालतं. आधी स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा), मग अंडरकोट रेक (लव ओढून काढणारा लांब दातांचा दंताळा), शेवटी स्टीलची फणी. फणी कातडीपर्यंत जाऊन अडखळल्याशिवाय बाहेर आली म्हणजे ती जागा झाली. कानामागे, काखेत, मांडीच्या मागच्या झालरीत, शेपटीखाली आणि गळ्यातल्या पट्ट्याच्या किंवा हार्नेसच्या खाली गाठी असतातच. गाठीवर थोडा कॉर्नफ्लोर चोळून बोटांनी फोडा. कात्री घालू नका. गाठीबरोबर कातडी वर ओढली जाते आणि कापली जाते. दर महिन्याला एखादा तरी कुत्रा टाके घालायला येतो तो याच कारणाने.

महिन्यातून एकदा ग्रूमरकडे न्या, पण मशीनसाठी नाही. जोराच्या ब्लोअरसाठी. त्या ब्लोअरने जी लव उडते ती घरच्या ब्रशने निघत नाही. पहिल्या वेळी पोतंभर निघेल आणि तुम्हाला वाटेल, आतून दुसरा कुत्रा निघाला.

कुठे कापायचं तेही सांगतो. पोटावरचे केस कात्रीने आखूड करायला हरकत नाही. तो शहाबादीवर पोट टेकून पसरतो ना, तिथूनच त्याला खरा गारवा मिळतो. पोट आणि मांडीच्या आतल्या बाजूला केस मुळातच विरळ असतात. पंजांच्या गाद्यांमधले केस काढा, घसरणंही थांबतं. शेपटीखालचे आणि मांडीमागचे केस स्वच्छतेपुरते छाटा. पाठ, खांदे, मान यांना हात नाही. नणंदेच्या शिह त्झूलाही दीड मिलिमीटर नको. अर्धा ते एक इंच ठेवायला सांगा.

अपवाद आहेत आणि त्या वेळी मी स्वतः मशीन हातात घेतो. गाठी कातडीपर्यंत जाऊन पूर्ण चादर झाली असेल, तर त्या विंचरत बसणं म्हणजे छळ आहे. ओली, चिघळलेली जागा, ज्याला हॉटस्पॉट म्हणतात, तिच्याभोवतीचे केस काढावेच लागतात. जखमेत अळ्या पडल्या असतील, शस्त्रक्रिया असेल, किंवा तेरा-चौदा वर्षांचा म्हातारा कुत्रा विंचरताना वेदनेने ओरडत असेल, तिथे केसांच्या सौंदर्याचा विचार कुणी करू नये.

गोचिडांसाठी म्हणून भादरणारेही बरेच आहेत. गोचीड दिसतात लवकर, एवढाच फायदा. ते कानात आणि बोटांच्या बेचक्यात बसतात, तिथे मशीन पोहोचत नाही. टिक फीव्हर टाळायचा तर डॉक्टरांना वजन सांगून महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी सुरू करा.

सासूबाईंच्या शिंकांबद्दल थोडं सबुरीने घ्या, त्यांचा त्रास खरा आहे. पण ॲलर्जी केसाची नसते, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. केस काढले तरी कोंडा पडतोच. वर बारीक तुटके केस सोफ्यात आणि सतरंजीत टोचून बसतात, ते झाडूला येत नाहीत. लांब केस निदान गोळा होतात. विंचरण्याचं काम त्यांच्या खोलीपासून लांब, गॅलरीत करा आणि कुत्र्याचं अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा.

आता वजन. गोल्डन नर साधारण ३० ते ३४ किलोचा असावा. तुमचा ४१ आहे. धापांचं खरं कारण मला इथे दिसतं. कातडीखालची चरबी हेही उष्णता धरणारं पांघरूण आहे आणि ते कुठल्याच ब्लेडने निघत नाही. शिवाय छातीवर भार पडून धापाही उथळ होतात. पोळीचे तुकडे, चहाबरोबरची बिस्किटं आजपासून बंद. महिन्याला किलो-दीड किलो उतरलं तरी पुरे, घाई नको. पण इतक्या तरुण वयात दिवसभर धापा असतील तर एकदा हृदय, फुप्फुसं आणि थायरॉइड तपासून घ्या. सगळंच उन्हाळ्यावर ढकलू नये.

बाकी दिनक्रम. सकाळचा फेरा सातच्या आत संपवा. संध्याकाळी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला धरवत नसेल तर त्याचे पंजे भाजणार. सूर्य मावळल्यावरही डांबर बराच वेळ तापलेलं राहतं. पश्चिमेच्या गॅलरीत, वर पत्रा असेल तर, दुपारी त्याला बांधून ठेवू नका. गाडीत पाच मिनिटंही एकटा नको, काच खाली असली तरी. कूलर आपल्या कोरड्या हवेत छान काम करतो, पावसाळी हवा आली की तो बंद करून साधा पंखा लावा.

आणि एक बादली पाणी सकाळीच भरून घरात ठेवा. दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या टाकीतून जे पाणी नळाला येतं ते जवळजवळ चहाचं आधण असतं. धापा थांबत नसतील, लाळ घट्ट झाली असेल, हिरड्या लालभडक असतील, चालताना झोक जात असेल, उलटी किंवा रक्ताची जुलाब झाली असेल, तर आधी त्या बादलीतलं पाणी ओता. पोटावर, मांड्यांत, मानेवर, केस बाजूला करून कातडीपर्यंत भिजवा आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो मिनिटाभरात गरम होतो. तोंडात जबरदस्तीने पाणी घालू नका. थंड करायला सुरुवात केल्यावरच गाडी काढा, एसी चालू ठेवून. थर्मामीटर असेल तर १०३ ला पाणी थांबवा. तो उठून शेपूट हलवायला लागला तरी दवाखान्यात आणा, कारण मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचे बिघाड एक-दोन दिवसांनी समोर येतात.

या आठवड्यात ग्रूमरला फोन कराल तेव्हा ‘समर कट’ हा शब्दच वापरू नका, त्याचा अर्थ प्रत्येक दुकानात वेगळा असतो. स्पष्ट सांगा: “आंघोळ, ब्लोअर, अंडरकोट काढणं, पंजे, पोट आणि शेपटीखाली कात्री. पाठीला मशीन लावायचं नाही.” आणि पहिल्या वेळी तिथेच बसून राहा.